स्टेअरिंग नसलेल्या बाजूला

तीस वर्षं सात महिने
आर्वी डेपोची गाडी चालवली.
तळेगाव, पुलगाव, हिंगणघाट.
मुक्कामी फेरी असली की देवराव ढोके कंडक्टर
टपावर अंथरूण टाकायचा, मी मागच्या सीटवर.
उत्तर म्हणजे माझ्या लेखी वरूड.
त्याच्या पुढे मध्यप्रदेश, त्याच्या पुढे नकाशा.

मग मित्रानं तिकीट पाठवलं.

त्या देशात स्टेअरिंग डावीकडे.
म्हणजे मी उजवीकडे, माझ्याच जागी बसलेला,
फक्त समोर चाक नाही.
हात मांडीवर ठेवायचे, एवढंच काम
तेही जमेना.
वळण आलं की उजवा पाय पायपुसणीवर दाबला जायचा
आणि मित्रा न बघताच म्हणायची,
"बाबा, ब्रेक मी मारते."

अकरा दिवस आम्ही वर वर जात होतो.
झाडं आधी बुटकी झाली, मग सरली.
रस्ता सरेना.
खड्डा नाही, गिट्टीचा ढीग नाही,
हात दाखवून गाडी थांबवणारं माणूस नाही.
एका थांब्यावर म्हातारी उभी होती, एकटी, पिशवी धरून.
माझ्या तोंडून निघालंच, "घे ना व तिले."
तोवर ती आरशात गेली होती,
आणि आरसाही माझा नव्हता.

रात्री साडेअकराला ऊन.
आपल्याकडचं नव्हे, पौषातलं सकाळचं,
अंगावर पडतं पण लागत नाही.
लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले
हजारोंनी, मुंडकी उडवलेले.
वारा सुटला की एकमेकांवर वाजायचे,
वाळल्या तुरीत शिरावं तसे.
मित्रानं फोटो काढले. मी नुसता ऐकत उभा.

मग गाडीसकट बोटीच्या पोटात शिरलो.
"हँडब्रेक ओढला ना? गिअरात ठेवली ना?"
जिना चढून वर आलो तर चारी बाजूंना पाणी.
मी पाणी पाहिलेलं ते पुलाशी थांबून,
वर्धेला पूर आला की गाडी अलीकडे लावायची
आणि पलीकडचा कठडा कधी उघडा पडतो ते बघत
बिड्या ओढायच्या.
इथे पलीकडचं काहीच नव्हतं.

तासाभरात पोट ढवळलं.
चिखलदऱ्याच्या घाटात किती जणांवर
आरशात बघून खेकसलो असेन,
"डोकं बाहेर काढू नका! लिंबू चोखा!"
आता कठड्याला लोंबकळलेला मी,
आणि त्या अख्ख्या समुद्रात एक लिंबू नाही.
एका खलाशानं कागदी पिशवी हातात दिली.
खेकसला नाही.

परतीला समुद्राखालून बोगदा.
सात किलोमीटर, डोक्यावर मासे.
गिअर बदलता बदलता मित्रा म्हणाली,
"शाळा सुटली की तुम्ही मला बॉनेटवर बसवायचे, आठवते?
चटका लागू नये म्हणून खाली तुमचं स्वेटर.
तुमचा डावा हात पाहून पाहूनच शिकली मी.
इथं फक्त हात बदलला."
मी काही बोललो नाही.
बोगद्यात बोललेलं घुमतं.

आता वैशाख.
फाट्यावरच्या ओट्यावर, कडूनिंबाच्या पातळ सावलीत
पोरं विचारतात, "कसं होतं जी तिकडे?"
"रस्ते चांगले होते," म्हणतो.
ते हसतात. मग आपल्या रस्त्याला शिव्या घालतात,
त्यात माझं उत्तर बुडून जातं, बरं होतं.

देवराव असता तर त्याला म्हातारीचं सांगितलं असतं.
बोट, ऊन, मासे यातलं काही त्यानं ऐकलं नसतं,
हात दोरीकडे गेला असता त्याचा.
बेल मारली असती. एकच.
पिशवी आत घेतली असती आधी, मग तिला,
आणि सुट्टे पैसे मागितले असते.

सातची आज अजून आली नाही.