पछी

दांडिया बाजारात, जिन्याखालच्या खोलीत
मुजुमदारकाकूंच्या डब्यांची वेबसाइट
आता पैसे घ्यायला शिकते आहे.

फोडणीच्या ठसक्यातून मी समजावतो:
पेमेंटच्या तीनच अवस्था.
यशस्वी, अयशस्वी, प्रलंबित.
काकू लाटणं थांबवतात.
"तिथून निघाले, इथं पोचले नाहीत,
तर मधे कुठं असतात रे?"
असतात, मी म्हणतो. सर्व्हर निरोप धाडतो.
कधी तोच दोनदा धाडतो, म्हणून आधी बघायचं
हा जुनाच तर नाही ना.
"दूधवाला बिलाला दोनदा येतो, तसं," काकू.

मग हात पुसून वही आणतात.
प्रतापगंजच्या होस्टेलची पोरं, ओळीनं,
आणि बऱ्याच नावांपुढं एकच शब्द: पछी.
गुजरातीतला. नंतर, एवढाच त्याचा अर्थ,
तारीख नाही.
"हा कुठं बसतो तुझ्या तिनांत?"

बसत नाही.
मी टेबलात चौथी अवस्था घालतो,
गेटवेला कळवत नाही.

पानं उलटताना २००९ लागतं.
ऑगस्ट, सप्टेंबर. माझं नाव,
आडनाव चुकलेलं. पछी.

रात्री टेस्ट मोड बंद केला.
पहिलं खरं पेमेंट मीच केलं,
दोन महिन्यांचे, तेव्हाच्या भावानं, अठराशे.
हिरवी खूण आली. काकूंचा फोन टिणटिणला.

चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून
त्यांनी नाव वाचलं,
कणकेच्या बोटानं स्क्रीन खालीवर केली.
"चालतंय की," म्हणाल्या,
"आता परत करायचं बटण दाखव."