उपकारस्तुतीनंतर

दिलेली उपकारस्तुती माघारी घेता येत नाही.
मार्चमध्ये गच्चीवर मांडव घातला होता,
भगिनी मंडळानं पुलाव केला,
पाळकसाहेब म्हणाले, आता साक्ष दे.
मी उभी राहिले. स्कार्फखाली नवे केस, लव्हाळ्यासारखे.
म्हणाले, प्रभूनं मला बरं केलं.
सगळे म्हणाले, आमेन.
पाचशे एक रुपयांचं पाकीट स्वतःच्या हातानं ताटात ठेवलं.

ऑगस्टच्या स्कॅनमध्ये यकृतावर तीन डाग.

मिरजेत दवाखाने इतके की
रिक्षावाला पत्ता विचारत नाही,
विचारतो, कोणते डॉक्टर?
परत येताना शांतवन फिल्म उन्हाला धरून बघत राहिला.
तेहतीस वर्षं जंक्शनवर पॉइंट्समन,
त्याला वाटलं असेल, रूळ कुठं बदलला ते दिसेल.
मग म्हणाला, गाडी लूपवर घेतलीय. एवढंच.
मोठी गाडी जाऊ दे, मग निघू.
मी म्हटलं, आणि मोठी गाडी कुठली?
तो गप्प.

त्याला मोठ्यानं प्रार्थना येत नाही.
तिसऱ्या वाक्याला अडखळतो
आणि ‘प्रभू, तुला माहीतच आहे’ म्हणून उरकतो.
घरी पाहुणे असले की मला लाज वाटायची.
आता रात्री दोन वाजता बादली धरून,
दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवून
तो तेच वाक्य म्हणतो,
आणि मला त्यापुढं काही जोडावंसं वाटत नाही.

एस्तेरमावशी म्हणाल्या,
विश्वासात कुठं कमी पडलं का, बघ जरा.
त्यांचा डबा मी तसाच परत पाठवला.
दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर, नाचणीची आंबील घेऊन.
बोलल्या नाहीत. माझ्या पायांना तेल लावत बसल्या,
ऐंशी वर्षांचे अंगठे, अजून जोर आहे.
जाताना दारात चप्पल शोधत म्हणाल्या,
माझा जॉनी गेला तेव्हा
मलाही कुणीतरी हेच म्हटलं होतं.
कशी गं विसरले मी.

भिंतीपलीकडं जमीर शिकलगार तंबोऱ्याची जवारी काढतो.
घोडी घासतो, तार छेडतो, परत घासतो.
कधी जास्त घासलं जातं, मग पहिल्यापासून.
शेवटी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो
केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं,
आणि आवाज एकदम उघडतो.
त्या दोऱ्याला ते लोक जीव म्हणतात.
केमोच्या दिवशी त्यानं आपण होऊन काम बंद ठेवलं.
मी अनूला पाठवलं, सांग त्यांना, चालू ठेवा,
आईला ऐकायचंय.

रविवारी देवळात मागच्या बाकावर बसले.
आमेन म्हणणारे सगळे समोर होते.
कुणी वळून हसलं, कुणी वळायचं टाळलं,
दोन्ही मला समजलं.
प्रभुभोजनाचा रस मंडळानंच केलेला,
तासगावचे बेदाणे रात्रभर भिजवून, उकळून.
हल्ली सगळंच लोखंडासारखं लागतं.
तोही तसाच लागला. गिळला.
मनात आलं, तो उठला खरा,
पण हातांची भोकं बुजवून नाही आला.
तशीच दाखवली मित्रांना.
मार्चमध्ये हे कुणी सांगितलं असतं
तर मी नुसती मान हलवली असती.

पाकीट परत मागणार नाही.
तेव्हा बोलले ते खोटं नव्हतं,
अपुरं होतं, एवढंच.

सोमवारी दुसरी सायकल.
अनूनं पिशवी भरलीय: फाईल, स्वेटर, लिंबू, लोणच्याची फोड.
शांतवननं माळ्यावरून त्याचा जुना हातकंदील काढलाय.
हिरवी काच केव्हाच फुटली. तांबडी आहे, पण ती फिरवत नाही.
पांढरी लावून बाथरूमच्या दाराशी ठेवतो.
पलंगापासून तिथवर सात पावलं,
तेवढी दिसतात.