तेराचा पाढा

गेटपासवर माझं वय एकोणीस आहे.
फोटोत एजन्सीच्या बाईंची ओढणी घेतलीय,
मोठी दिसावी म्हणून.
रिक्षातच त्यांनी पाठ करून घेतलं होतं.
वय? एकोणीस. गाव? मोखाडा. शाळा? झाली.
पुन्हा सांग.
आश्रमशाळेतल्या गुरुजींपेक्षा बऱ्या. हातात छडी नव्हती.

सत्ताविसाव्या मजल्यावरून येऊरचा डोंगर दिसतो,
बसका,
कुणी टपली मारून खाली बसवल्यासारखा.
मॅडम पाहुण्यांना सांगतात, ह्या व्ह्यूचे वेगळे पैसे पडले.
तो फुकटात दाखवून मी नायशाला वरणभात भरवते.
एक घास कबुतराचा, एक घास बिबट्याचा.
चिऊ इतक्या वर येत नाही,
आणि काऊ जाळीच्या बाहेर.

तिच्या खोलीत भिंतीवर जिराफ आहे,
मानेभर आकडे.
वाढदिवसाला तिला त्याला टेकवून उभी करतात,
पेन्सिलीने रेघ मारतात, टाळ्या वाजवतात.
दुपारी ती झोपली की मी उभी राहते.
टाचा जमिनीला. फसवाफसवी नाही.
रेघ मारत नाही, नखाने बारीक ओरखडा काढते.
आले तेव्हा जिराफाच्या कानाशी होते,
आता शिंगांच्या वर भिंत लागते नुसती.
मॅडम परवा म्हणाल्या,
तुझा ड्रेस आखूड झालाय, धुण्यात आटला का गं?
हो म्हटलं.

पाचला आम्ही सगळ्या खाली बागेत.
सिमडेगाची एलिसबा, सुरगाण्याची हौसा,
आणि एक नवीन, अजून नाव न सांगितलेली.
बाकावर बसू नका असं कुठे लिहिलेलं नाही.
आम्ही बसत नाही.
एकदा एलिसबा म्हणाली, सच बोलूँ, मेरी उमर...
तेवढ्यात तिचा बाबू वाळू खायला लागला.

लिहिलेलं आहे ते झोपाळ्यापाशी.
‘फक्त चौदा वर्षांखालील मुलांसाठी.’
मी रोज वाचते. मला जोडाक्षरं येतात.

मंगळवारी भर दुपारी वीज गेली, जनरेटरही बंद.
नायशा रडरड रडली, तिला घेऊन खाली आले,
ती बाबागाडीत झोपून गेली.
बागेत कुणी नाही.
झोपाळा तापलेला. ओढणी घडी करून खाली घेतली.

शाळेत तेराचा पाढा मला सकपर्यंतच यायचा.
पुढे नुसते ओठ हलवायचे, रांगेत खपून जायचं.
झोका वर गेला, तेर पाचा पासष्ट,
मागे आला, तेर सक अठ्ठ्याहत्तर,
आणि पाय पानांना लागले तेव्हा
तेर सत्ते एक्याण्णव
आपोआप आलं, कुणी न मारता.
तेर आठे चारोदरसे!
मी मोठ्यानेच म्हटलं वाटतं.

शिट्टी वाजली.
पाटी वाचता येत नाही का? कार्ड दाखव.
मी कार्ड दाखवलं. वय एकोणीस.
मौर्याकाकांनी कार्ड वाचलं, मला पाहिलं,
मग कार्ड उलटं करून बघितलं,
मागे आणखी काही लिहिलंय का.
मागे लिफ्टचे नियम होते.

एक वाक्य बोलले असते तर
झोपाळ्यावर माझा हक्क होता
आणि नोकरीवर नव्हता.
मी खाली उतरले. ओढणी झटकली.

संध्याकाळी नायशाला झोके दिले,
दर झोक्याला एक पायरी पाढ्याची.
ती म्हणे, अजून.
रात्री जेवताना तिने चमचा ताटावर आपटला,
चालोदलशे! चालोदलशे!
सरांनी मोबाइलमधून मान वर केली, हे काय बोलतेय?
मॅडम म्हणाल्या, हिच्याकडून शिकली असेल,
त्यांच्याकडची काहीतरी भाषा.

मी ओट्यापाशी दुधाच्या बाटल्या विसळत होते.
ब्रश आत घालून गोल फिरवायचा, मग उकळत्या पाण्यात.
नऊ बाटल्या.
तेर नव्वे
सतरोदरसे.