उसना दहा

तासगाव रस्त्याला, बेदाण्याच्या शेडमागं
वजनकाट्याच्या खोलीत माझं टेबल.
शालनची निवडणी संपेपर्यंत
कार्तिकी समोर बसते, दप्तर मांडीवर,
जुन्या पावत्यांच्या पाठीवर गणितं.

बावन्न वजा अठ्ठावीस.
ती लिहिते चौतीस.
एकाहत्तर वजा पस्तीस.
सेहेचाळीस.
वहीतली लाल शाई म्हणते, लक्ष नाही.
दोन दिवस मीही तेच म्हणाले,
तिसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं,
आणि तिनं बोटं मुठीत मिटून घेतली.

चौथ्या दिवशी म्हटलं,
बरं, तू कसं करतीस ते मला शिकव.

"दोनातनं आठ जाईनात.
मग शेजारच्या पाचाकडनं दहा उसनं आणलं.
बारातनं आठ गेलं, चार ऱ्हायलं.
काम झाल्यावर ज्याचं त्याला दिऊन टाकलं."

दिऊन टाकलं?

"उसनं हाय न्हवं, बाई?
आय वाटीभर साखर आणती
तर पगारादिशी शीग लावून पाठवती."

मी लाल पेनाला टोपण लावलं.
माझ्या शाळेत, तिच्या शाळेत,
कितीदा उसना घेतला असेल हा दहा;
परत कधी द्यायचा,
हे कुणी विचारलंच नव्हतं.

उठले. पाच पेट्या ओढल्या,
दहा दहा पुड्यांच्या, वर दोन सुट्ट्या.
व्यापारी आलाय दारात,
अठ्ठावीस पुड्या म्हणतोय. दे.

दोन पेट्या दिल्या तिनं. दोन सुट्ट्या.
मग थांबली.
बराच वेळ थांबली.
काट्यावरचा लाल आकडा उगाच लुकलुकत होता.
मग दातानं चिकटपट्टी फाडली.

"ही आता पेटी न्हाई."
नाही.
"कुणाकडनं आणली न्हाई. आपलीच मोडली."
आपलीच.

उरलं ते मोजलं, बोट लावून, दोनदा.
चोवीस.
हसली वगैरे नाही,
रिकामा खोका पायानं दाबून चपटा केला फक्त.

रजिस्टरात एक पेटी फुटली लिहावं लागलं.
कारणाचा रकाना तसाच सोडलाय.

बाहेर नळाखाली शालन
चिकट हात घासत होती, कोपरापर्यंत.
कार्तिकी दारातनं परत फिरली:
"आन् सुट्टंबी नसलं, पेटीबी नसली तर?
नुसतं तीनशे असलं तर?"

उद्या, मी म्हटलं.

जाताना ती कोपऱ्यातल्या उंच थप्पीकडं बघत होती,
वरनं खाली, एकेक रांग,
कुठनं मोडावी म्हणून.