उतारावरचा काना

शहापुरात भरमाण्णाच्या दुकानी
दोन चाकं टांगलेली.
एकाला रिमचं रबर.
दुसऱ्याला डिस्क, घावनासारखी भोकाभोकांची,
किंमत मात्र घावनाची नव्हे.

"येळ्ळूरगडाचा तांबडा चिखल
रिमला बसला की रबर नुसतं ओरडतंय,
धरत नाही बघ.
पण डिस्क वाकली तर जांबोटीच्या रानात
सरळ करणार कोण?
रबर खिशात मावतंय की."

तुम्ही काय घ्याल, विचारलं.
त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली,
व्रण दाखवला.
ब्रेक कुठला होता, सांगितलं नाही.

गडाच्या वळणावर कानडी पाटी: निधान.
म्हणजे हळू.
आमच्यात निधान म्हणजे ठेवा,
आणि मधला काना निसटला तर

डिस्क घेतली.
काना सांभाळत उतरतोय.