केसभर उशिरा

ओल्डहॅमच्या बोलिंग क्लबात, बारमागच्या टेबलाशी
आम्ही दोघं दर गुरुवारी न्यायाधीश.
स्टॅन्ली हॅसलमकडे पेन्सिल, माझ्याकडे कान.
पेरांवर मात्रा मोजायची सवय
मिरजेहून इथवर आली, सुटली नाही.

बिअरच्या पुठ्ठ्यामागे दोन रकाने: चांगले, वाईट.
चांगल्यांवरून भांडण. त्याला हवेत रॉकवाले,
घामाने निथळणारे, बारा ढोलांचा संसार मांडणारे.
मला जॅझमधला तो,
ब्रशने स्नेअरवर तांदूळ पाखडणारा,
खालीची जागा खरोखर खाली ठेवणारा.

वाईटात मात्र एकमत: क्लिफर्ड डिग्गल.
सत्तावीस वर्षं इथलाच. समेवर
नेहमी केसभर उशिरा,
बस सुटल्यावर हात दाखवणाऱ्यासारखा.

मार्चमध्ये त्याचं मनगट मोडलं.
लीड्सहून पोरगं आणलं, घड्याळासारखं चोख.
पहिल्याच गाण्याला एडना क्रॉम्प्टन अडखळली,
मग तिचा नवरा, मग सगळीच जोडपी:
पाय अजून हवेत, आणि ठोका येऊन गेलेला.
आख्ख्या क्लबचे गुडघे
त्याच्या उशिराला लागलेले होते.
क्लिफर्ड कोपऱ्यात, प्लास्टरमधला हात मांडीवर,
शेंगदाणे खात बघत होता. हसला नाही.

स्टॅन्लीने पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला.
"खोडू?"
मी म्हटलं, नको. वाईट तो वाईटच.
फक्त त्या पोराचं नाव
इतक्यात कुठेच लिहू नकोस.