अस्पष्ट

चार स्क्रू. त्यातला एक आधीच हरवलेला.
घड्याळजीचा पेचकस, डाळीची वाटी, टेबल लॅम्प,
आणि फोंड्याच्या वरच्या बाजारात बाराशेला घेतलेला हेडफोन,
उताणा, पोट उघडं टाकून.

आत काही नाही. खरंच काही नाही.
काळ्या प्लॅस्टिकची पोकळ डबी,
केसाएवढ्या दोन तारा,
पाणीपुरीच्या पुरीएवढा एक पडदा.
म्हणजे इतके दिवस मी माणसं नव्हे,
डबी ऐकत होते.

माझं काम ऐकून लिहिण्याचं. मिनिटाला तेरा रुपये.
धरणाखाली गेलेल्या एका गावातून
उठून आलेल्यांच्या मुलाखती, चाळीस तास.
जिथे कळत नाही तिथे कंसात लिहायचं: अस्पष्ट.
सोमी वेळीप, वय विचारू नको म्हणाली,
तिच्या एका तासात अकरा वेळा.

शेजारचा कृष्णनाथ पखवाज वाजवतो. म्हणाला,
पोकळीला ओझं हवं गं.
डाव्या पुडीला कणीक थापतो ती काय हौस म्हणून?
हेडफोनला कणीक कशी थापू?
मुंग्या येतील, तो गंभीरपणे म्हणाला,
तू खिडकीची पुट्टी लाव.

नमदा आला बोरीच्या पुलापलीकडून.
रायचा सांतान पियानो दुरुस्त करतो,
म्हणजे करायचा; आता लोक पियानोवर फोटो मांडतात.
जुन्या हातोड्यांचा नमदा त्याने बिस्किटांच्या डब्यातून काढला,
कसर लागलेला भाग स्वतः कापून टाकला.
"चड घालूं नाका," एवढंच बोलला.

मी ठासून भरला.
सोमी गोधडीत तोंड घालून बोलू लागली.
घुमणं गेलं, आणि घुमण्याबरोबर तिचा घसाही.
दुसऱ्या रात्री अर्धा उपसला.
तिसऱ्या रात्री चिमट्याने आणखी एक तुकडा,
नखाएवढा, पडद्यामागच्या भोकावरचा.
पुट्टीची गोळी, शेंगदाण्याएवढी, डबीच्या काठाला.

मग पंखा बंद केला.

आधी कोंबडा आला.
चार महिने तिच्या अंगणात होता, मला पत्ता नाही.
मग बशी.
मग सतराव्या मिनिटाला, पहिल्या अस्पष्टच्या जागी:
"च्या निंवता रे बाबा, घे."
बाविसाव्या मिनिटाला तेच.
एकतिसाव्याला, जरा चिडून: "घे म्हणटां न्हय?"

तो मुलगा प्रश्न छापून घेऊन आलेला,
विचारतोय पाणी कधी आलं, कुठवर आलं,
आणि ही मध्येच माइकपासून तोंड वळवून
त्याच्या कपाकडे बघतेय.

नऊ वेळा चहा. एकदा कुत्र्याला हाड.
अकरावं उरलं.

"आणि तुमचं घर?" त्याने विचारलं होतं.
मी चौदा वेळा मागे नेलं.
इथे पूर्वी एक घूं होता,
तो मी तिचा आवाज समजून बसले होते.
तो डबीचा होता.
ती बोललेलीच नाही.

अस्पष्ट खोडलं. शांतता लिहिलं.
सात सेकंद. दीड रुपया.

उरलेला नमदा सांतानला परत द्यायचाय.
उजव्या कानात अजून थोडं घुमतं,
चौथा स्क्रू नाही म्हणून असेल.